डेरेक जेटरचा पाया खरोखर किती पक्का होता?

१३ ऑक्टोबर २००१ च्या रात्री ओकलंडच्या मैदानावर न्यूयॉर्क यँकीज हा बेसबॉल संघ स्पर्धेतून बाहेर पडण्याच्या बेतात होता. पाच सामन्यांच्या मालिकेतले पहिले दोन सामने त्याने गमावले होते आणि तिसऱ्या सामन्यात, सातव्या इनिंगमध्ये, त्याच्याकडे फक्त एका धावेची आघाडी होती. दोन खेळाडू बाद झालेले असताना ओकलंडच्या टेरेन्स लाँगने चेंडू उजव्या कोपऱ्यात मारला आणि पहिल्या बेसवर उभा असलेला जेरेमी जियांबी दुसरा व तिसरा बेस ओलांडून होम प्लेटकडे, म्हणजे जिथे पोचल्यावर धाव पूर्ण होते त्या जागेकडे, धावत सुटला. यँकीजच्या शेन स्पेन्सरने दुरून केलेली फेक इतकी उंच होती की ती अडवून पुढे पाठवण्यासाठी वाटेत उभ्या असलेल्या दोन्ही खेळाडूंच्या डोक्यांवरून ती निघून गेली. त्या क्षणी मैदानाच्या दुसऱ्या बाजूचा यँकीजचाच डेरेक जेटर धावत येऊन पहिल्या बेसच्या रेषेजवळ पोचला, त्याने घरंगळत चाललेला चेंडू उचलला आणि धावता धावताच हात मागे फिरवून तो होम प्लेटजवळ उभ्या असलेल्या कॅचर जॉर्ज पोसाडाकडे ढकलला. जियांबीने घसरण्याचा प्रयत्न केला नाही, पोसाडाने त्याच्या पायाला चेंडू टेकवला आणि पंचाने त्याला बाद ठरवले. यँकीजनी तो सामना १-० असा जिंकला आणि पुढे मालिकाही ३-२ अशी जिंकली.

अमेरिकेत बेसबॉल पाहणाऱ्या एका संपूर्ण पिढीच्या मनात 'पाया पक्का असलेला खेळाडू' म्हटले की हे चित्र उभे राहते. जेटर १९९५ ते २०१४ अशी वीस वर्षे एकाच संघाकडून खेळला, २००३ पासून त्याचा कर्णधार होता, आणि त्याच्या काळात संघाने १९९६, १९९८, १९९९, २००० व २००९ या पाच वर्षी वर्ल्ड सिरीज ही विजेतेपदाची अंतिम मालिका जिंकली. मैदानातील उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठी दिला जाणारा गोल्ड ग्लव्ह हा पुरस्कार त्याला पाच वेळा मिळाला. समालोचक आणि प्रशिक्षक लहान मुलांना सांगत असत की खेळ शिकायचा असेल तर जेटरकडे पाहा. मात्र त्याच वर्षांमध्ये क्षेत्ररक्षणाचे मोजमाप करणारे अभ्यासक एका निष्कर्षाकडे वारंवार येत होते, आणि तो असा की आपल्या जागेवर खेळणाऱ्या नियमित खेळाडूंमध्ये जेटर सर्वांत कमकुवत खेळाडूंपैकी एक आहे. एकाच माणसाविषयी ही दोन मते इतकी टोकाची कशी असू शकतात, हे समजून घ्यायचे तर आधी त्याची जागा आणि तिथले काम नीट पाहावे लागते.

जेटर शॉर्टस्टॉप होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा हा खेळाडू क्षेत्ररक्षणाच्या दृष्टीने कॅचरखालोखाल सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. बहुतेक बॅटर उजव्या हाताने खेळतात आणि त्यांचे जमिनीलगतचे फटके मोठ्या प्रमाणावर याच बाजूला येतात. फटका बसल्यापासून बॅटरला पहिल्या बेसवर पोचायला चार ते साडेचार सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात शॉर्टस्टॉपने चेंडूपर्यंत धावत जायचे, तो स्वच्छ उचलायचा आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या पहिल्या बेसवर अचूक फेकायचा. या कामाचे सरळ दोन भाग पडतात. पहिला भाग चेंडूपर्यंत पोचण्याचा आणि दुसरा भाग पोचल्यावर हातून चूक न होऊ देण्याचा. जेटरच्या कीर्तीचा सगळा वाद या दोन भागांच्या मधल्या फटीत आहे.

दुसरा भाग डोळ्यांना दिसतो आणि शंभराहून अधिक वर्षे कागदावर नोंदला जात आला आहे. शॉर्टस्टॉपच्या हातून चेंडू निसटला किंवा फेक भरकटली, तर सामन्याचा अधिकृत नोंदणीकार त्याच्या नावावर 'एरर' लिहितो. नियम असा आहे की सामान्य प्रयत्नाने जो बाद मिळायला हवा होता तो हुकला, तरच एरर द्यायचा. येथे एक बारीक पण फार मोठी अडचण दडलेली आहे. जो खेळाडू चेंडूपर्यंत पोचलाच नाही, त्याच्या नावावर एररही लागत नाही, कारण तो फटका बॅटरचा हिट, म्हणजे यशस्वी फटका, म्हणून नोंदला जातो. क्रिकेट पाहणाऱ्याला हे लगेच उमजेल. कव्हरमधला क्षेत्ररक्षक झेप घेऊन झेलापर्यंत पोचला आणि चेंडू त्याच्या बोटांना लागून सुटला तर सगळे म्हणतात की त्याने झेल सोडला, पण त्याच जागी मंद पावलांचा खेळाडू असता आणि चेंडू त्याच्यापासून दोन हात दूर पडला असता, तर झेलाची संधी होती हेच कोणाच्या ध्यानात आले नसते.

हा फरक आकड्यांत किती होतो ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. दोन शॉर्टस्टॉपच्या परिसरात प्रत्येकी शंभर फटके आले असे समजा. पहिला ८० चेंडूंपर्यंत पोचला आणि त्यातले दोन त्याच्या हातून निसटले, म्हणजे त्याने ७८ खेळाडू बाद केले आणि त्याची अचूकता ९७.५ टक्के ठरली. दुसरा ८८ चेंडूंपर्यंत पोचला, त्याने चार चुका केल्या, त्याची अचूकता साडेपंचाण्णव टक्क्यांच्या आसपास आली, पण त्याने ८४ खेळाडू बाद केले. वर्तमानपत्रातला तक्ता पहिल्याला अधिक विश्वासू म्हणेल आणि प्रेक्षकांच्याही मनात दुसऱ्याच्या चार चुका राहतील. संघाला मात्र दुसऱ्याने सहा बाद अधिक मिळवून दिले, आणि शेवटी पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, हवे असतात ते बादच. जेटर या उदाहरणातल्या पहिल्या खेळाडूच्या जातीचा होता. त्याची कारकिर्दीतील अचूकता ९७.६ टक्के होती आणि ती त्याच्या काळातील शॉर्टस्टॉपच्या सरासरीपेक्षा थोडी वरचीच होती. हाती आलेला चेंडू तो शांतपणे आणि नेटकेपणाने हाताळत असे, यात शंका घेण्याचे काहीच कारण नाही.

हे कौशल्य त्याला जन्मजात मिळालेले नव्हते. १९९२ मध्ये यँकीजनी त्याला निवडले तेव्हा तो मिशिगन राज्यातील कॅलमझू या गावचा सडपातळ मुलगा होता, आणि १९९३ मध्ये ग्रीन्सबरो येथील कनिष्ठ संघाकडून खेळताना त्याने एका हंगामात ५६ एरर केले. एवढ्या चुका करणाऱ्या मुलाला शॉर्टस्टॉपच्या जागेवरून हलवण्याची सूचना होणे स्वाभाविक होते. संघाने तसे केले नाही. हंगाम संपल्यावर प्रशिक्षक ब्रायन बटरफील्ड यांनी फ्लोरिडात त्याच्याकडून पायांची ठेवण, ग्लव्हची उंची, चेंडू हातातून काढून फेकण्याची पद्धत हे सारे पुन्हा पुन्हा घोटून घेतले. १९९६ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पाया मेहनतीने बांधला जातो असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही, आणि म्हणूनच त्याच्या कीर्तीचा हा भाग मला पूर्णपणे रास्त वाटतो.

आता पहिला भाग, म्हणजे पोचण्याचा. तो मोजण्याचा पहिला सोपा प्रयत्न बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी १९७० च्या दशकात केला. त्यांनी सुचवले की चुका मोजण्याऐवजी खेळाडू एका सामन्यात किती खेळाडू बाद करण्यात सहभागी होतो ते मोजावे. कल्पना उत्तम होती, पण माप ढोबळ होते. ज्या संघाचे पिचर बॅटरना चेंडूला स्पर्शच करू देत नाहीत किंवा ज्यांच्या चेंडूंवर उंच फटके जास्त जातात, त्या संघाच्या शॉर्टस्टॉपकडे मुळातच कमी चेंडू येतात, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. ही त्रुटी दूर होण्यासाठी प्रत्येक फटक्याची स्वतंत्र नोंद हाताशी असणे आवश्यक होते.

ती नोंद पुढे चित्रफितींवरून होऊ लागली. जॉन ड्यूअन यांच्यासारख्या अभ्यासकांनी मैदानाचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक फटका कोणत्या दिशेने, किती वेगाने आणि जमिनीलगत की हवेतून गेला हे लिहून घेतले. मग प्रश्न असा विचारता येतो की या दिशेने या वेगाने गेलेल्या फटक्यावर सगळ्या लीगमधील शॉर्टस्टॉपनी मिळून किती वेळा बाद मिळवला. समजा दहापैकी सात वेळा मिळवला. तर ज्याने तो चेंडू अडवून बाद मिळवला त्याच्या खात्यात ०.३ जमा होतात, आणि ज्याच्या हातून तो बाद झाला नाही त्याच्या खात्यातून ०.७ वजा होतात, मग तो त्या चेंडूपर्यंत पोचून चुकला असो किंवा पोचलाच नसो. अवघड चेंडू अडवला तर श्रेय अधिक आणि सोपा सोडला तर भुर्दंड अधिक. या हिशेबात न दिसणारी चूक प्रथमच दिसू लागली.

या मोजणीत जेटरचे खाते वर्षानुवर्षे वजाबाकीत राहिले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ शेन जेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ ते २००५ या हंगामांतील फटक्यांचा अभ्यास करून २००८ मध्ये बोस्टन येथील विज्ञान परिषदेत आपले निष्कर्ष मांडले, तेव्हा जेटर शॉर्टस्टॉपच्या यादीत तळाशी होता. त्यांच्या हिशेबाने सरासरी शॉर्टस्टॉपच्या तुलनेत तो संघाच्या एका हंगामात सुमारे १४ धावा घालवत होता. वेगळी सामग्री आणि वेगळी गणिते वापरणाऱ्या इतर पद्धतींचे आकडे वेगळे आले, पण त्यांची दिशा तीच होती. संपूर्ण कारकिर्दीचा अंदाज बांधणाऱ्या एका प्रसिद्ध हिशेबात त्याची तूट अडीचशे धावांच्या आसपास जाते. एवढी मोठी तूट साचण्याचे एक कारण असेही आहे की तो शॉर्टस्टॉपच्या जागेवर तब्बल २,६७४ सामने खेळला, आणि फलंदाजीत तितका मोलाचा नसलेला कोणताही खेळाडू असे क्षेत्ररक्षण करून त्या जागेवर इतकी वर्षे टिकला नसता.

येथे वाचकाला रास्त शंका येईल. एखादा खेळाडू इतका कमकुवत असेल तर रोज मैदानात बसणाऱ्या हजारो लोकांना आणि डगआऊटमधल्या जाणत्या प्रशिक्षकांना ते दिसले कसे नाही? उत्तर साध्या भागाकारात आहे आणि मला ते या सगळ्या विषयातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. शॉर्टस्टॉपजवळून निसटलेला जमिनीलगतचा चेंडू म्हणजे एक हिट वाढला आणि एक बाद गेला, आणि या अदलाबदलीची सरासरी किंमत सुमारे पाऊण धाव धरली जाते. चौदा धावांची तूट म्हणजे हंगामात साधारण एकोणीस चेंडू. जेटर वर्षाला १५० च्या आसपास सामने खेळत असे, म्हणजे सरासरी शॉर्टस्टॉपने अडवला असता असा एक चेंडू तो साधारण आठ सामन्यांतून एकदा सोडत होता. त्या आठ सामन्यांत त्याच्या दिशेने कितीतरी चेंडू येत, त्यांतले बहुतेक तो सफाईने अडवत असे, आणि निसटलेला तो एक चेंडू मधल्या फटीतून सरळ गेलेला निर्विवाद हिटच वाटे. जगातला कोणताही डोळा, कितीही अनुभवी असला तरी, आठवड्यातून एकदा न घडलेली गोष्ट मोजू शकत नाही.

त्याउलट जे घडत होते ते अतिशय देखणे होते. आपल्या उजवीकडे, तिसऱ्या बेसच्या दिशेने खोल जाऊन उलट्या हाताने चेंडू अडवायचा आणि हवेत उडी घेऊन अंग वळवत पहिल्या बेसवर फेकायचा, ही जेटरची ओळखीची फेक होती. ती अवघड होती आणि त्याने ती कमावलेली होती. पण एखादा अधिक चपळ शॉर्टस्टॉप कधी कधी तिथे क्षणभर आधी पोचून पाय रोवून साधी फेक करतो, आणि ती साधी दिसते म्हणूनच कोणाच्या लक्षात राहत नाही. बिल जेम्स यांनी ह्यूस्टनचा शॉर्टस्टॉप ॲडम एव्हरेट आणि जेटर या दोघांच्या उत्तम आणि वाईट खेळांच्या चित्रफिती शेजारी ठेवून पाहिल्या. आकडे चुकीचे ठरतात का हे तपासण्याच्या तयारीनेच ते बसले होते, आणि आकडे बरोबर आहेत या मतावर ते आले. जेटर विशेषतः डावीकडे, म्हणजे दुसऱ्या बेसच्या दिशेने जाणाऱ्या चेंडूंवर मागे पडत असे. एव्हरेटला कारकिर्दीत एकही गोल्ड ग्लव्ह मिळाला नाही.

जेटरचे पाच गोल्ड ग्लव्ह २००४, २००५, २००६, २००९ आणि २०१० या वर्षांचे आहेत. तो पुरस्कार तेव्हा लीगमधील व्यवस्थापक आणि प्रशिक्षक मतदानाने ठरवत असत, आणि त्यांना एखादा विरोधी खेळाडू हंगामात मोजक्या सामन्यांतच प्रत्यक्ष दिसे. मतपत्रिका भरताना नाव, कीर्ती, एररचा तक्ता आणि फलंदाजी या सगळ्यांची छाया पडणारच. १९९९ मध्ये राफेल पाल्मेरो याला पहिल्या बेसवरचा उत्कृष्ट क्षेत्ररक्षक ठरवण्यात आले, तेव्हा त्या हंगामात तो त्या जागेवर फक्त २८ सामने खेळला होता. २०१० मध्ये जेटर ३६ वर्षांचा होता, त्याची चाल उघडपणे मंदावली होती, पण त्या वर्षी त्याच्या नावावर अवघे सहा एरर होते आणि त्याची अचूकता कारकिर्दीतली सर्वोच्च होती, म्हणून पुरस्कार त्याच्याकडे गेला. २०१३ पासून या निवडीत सुमारे एक चतुर्थांश वजन आकडेवारीला दिले जाऊ लागले.

आकड्यांच्या बाजूनेही काही मर्यादा प्रामाणिकपणे मान्य कराव्या लागतात. २००३ पूर्वीच्या वर्षांची नोंद पुष्कळच तोकडी आहे, त्यामुळे जेटरच्या विशीतील क्षेत्ररक्षणाविषयीचे अंदाज नंतरच्या वर्षांइतके भक्कम नाहीत. फटक्याचा वेग माणसे चित्रफीत पाहून ठरवत होती. शॉर्टस्टॉप मुळात कोठे उभा होता, आणि तो तिथे स्वतःच्या निर्णयाने उभा होता की प्रशिक्षकाच्या सूचनेवरून, हे त्या नोंदीत नसे. प्रत्येक खेळाडूची हालचाल टिपणारी यंत्रणा सर्व मैदानांवर २०१५ मध्ये आली, आणि तोवर जेटर निवृत्त झाला होता. एका हंगामाच्या आकड्यावर म्हणूनच कोणी फार विसंबू नये. मात्र पद्धती बदलल्या, वर्षे बदलली, शेजारी खेळणारे आणि चेंडू टाकणारे खेळाडू बदलले आणि उत्तर बहुतेक वेळा तेच राहिले, तेव्हा ते योगायोगाने आले असे म्हणता येत नाही.

पाया या शब्दात क्षेत्ररक्षणाखेरीज इतरही पुष्कळ काही येते, आणि तिथे जेटरची बाजू फार बळकट आहे. बेसवरून बेसवर धावण्यात तो वेगापेक्षा विचाराने सरस होता. कारकिर्दीत त्याने ३५८ बेस चोरले, म्हणजे फटका नसतानाच धावून पुढचा बेस गाठला, आणि त्या प्रयत्नांत तो केवळ ९७ वेळा पकडला गेला, म्हणजे पाचपैकी जवळजवळ चार वेळा तो यशस्वी झाला, आणि हे प्रमाण संघाचा निश्चित फायदा करणारे आहे. फलंदाजीत तो चेंडू उशिरापर्यंत पाहून बॅट आतून बाहेर नेत तो उजव्या मैदानात ढकलत असे. या एकाच सवयीवर त्याचे ३,४६५ हिट आणि ०.३१० ची सरासरी, म्हणजे दहा प्रयत्नांत तीनहून थोडे अधिक हिट, बऱ्याच अंशी उभी आहे. बाद फेरीच्या सामन्यांत, जिथे समोर सतत उत्तम पिचर असतात, त्याने १५८ सामन्यांत २०० हिट मारले आणि त्याची सरासरी जवळजवळ तशीच राहिली. साधा फटका मारल्यावरही तो पहिल्या बेसकडे पूर्ण ताकदीने धावत असे, आणि ही गोष्ट वीस वर्षे रोज करणे वाटते तितके सोपे नाही.

बंटची गोष्ट थोडी निराळी आहे. स्वतः बाद होऊन पुढच्या धावकाला एक बेस सरकवणारा हा हळुवार फटका जेटर आपण होऊनही मारत असे आणि त्याला निःस्वार्थी खेळाचा नमुना म्हटले जाई. हिशेब असे सांगतो की पहिल्या बेसवर धावक असून कोणीच बाद नसेल तर त्या इनिंगमध्ये पुढे सरासरी ०.९ च्या आसपास धावा होतात, आणि धावक दुसऱ्या बेसवर गेला पण एक जण बाद झाला तर ती अपेक्षा ०.७ च्या आसपास उतरते. शेवटच्या इनिंगमध्ये एकच धाव हवी असेल तर तो फटका शहाणपणाचा ठरू शकतो, पण सामन्याच्या सुरुवातीला जेटरसारख्या बॅटरने तो मारणे संघाला महागच पडत होते. तंत्र निर्दोष होते, निर्णय तितका निर्दोष नव्हता.

ओकलंडची ती फेक मात्र या सगळ्या चर्चेनंतरही माझ्या नजरेत कमी होत नाही. फेक अडवायला वाटेत उभे असलेले दोन्ही खेळाडू चुकले तर तिसरा माणूस कुठे असावा याचा विचार यँकीजच्या सरावात झालेला होता असे व्यवस्थापक जो टोरी आणि स्वतः जेटर सांगत आले. तो योगायोगाने तिथे गेला नव्हता. चेंडूकडे पाहत, फेक उंच जाते आहे हे इतरांआधी ओळखून तो निघाला होता. खेळ वाचण्याची ही क्षमता कोणत्याही तक्त्यात फारशी उतरत नाही, आणि त्याच माणसाची जमिनीलगतच्या चेंडूवरची पहिली पावले मंद होती, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

चुकीच्या कीर्तीची किंमत २००४ मध्ये दिसली. त्या वर्षी यँकीजनी ॲलेक्स रॉड्रिगेझ याला संघात घेतले. मागच्या दोन्ही वर्षी शॉर्टस्टॉपचा गोल्ड ग्लव्ह त्याच्याकडे होता आणि जेन्सन यांच्या हिशेबात तो हंगामाला सुमारे दहा धावा वाचवणारा खेळाडू होता. तरीही त्याला तिसऱ्या बेसवर हलवण्यात आले आणि जेटर आपल्या जागेवर राहिला. दोघांतील अंतर वर्षाला चोवीस धावांचे, म्हणजे अंदाजे दोन विजयांहून अधिक होते. कर्णधाराला त्याच्या जागेवरून हलवण्याचे ओझे संघाला उचलावेसे वाटले नाही, हे माणूस म्हणून समजण्यासारखे आहे, पण खेळाच्या दृष्टीने तो निर्णय चुकला असे माझे स्पष्ट मत आहे.

२००७ च्या हंगामानंतर संघाचे महाव्यवस्थापक ब्रायन कॅशमन यांनी जेटरला सांगितले की त्याची बाजूला सरकण्याची गती सुधारायला हवी. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता, तीन गोल्ड ग्लव्ह आणि चार वर्ल्ड सिरीज त्याच्या नावावर होत्या, आणि त्याला हे बोलणे झिडकारता आले असते. त्याने आपला व्यायाम बदलला आणि डावीकडे टाकायच्या पहिल्या पावलावर पुन्हा काम सुरू केले. पुढच्या दोन वर्षांत त्याचे आकडे वर चढत गेले, आणि २००९ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, ज्या पद्धती त्याला इतकी वर्षे तळाशी ठेवत होत्या त्यांतल्या बहुतेकांनी त्याला सरासरीच्या वर दाखवले.